बारा पिशव्यांची माती

१

पहिली पिशवी उघडली तेव्हा सगळे पुढे वाकले. दुसरी उघडली तेव्हा मोठ्या वहिनी खुर्चीवरून उठल्या. पाचवीपर्यंत सगळ्यांना काय ते कळून चुकलं होतं. तरी बांधकाम कंपनीच्या वकिलांनी बाराच्या बारा पिशव्या उघडायला लावल्या आणि मी बारा वेळा तेच लिहिलं : सील शाबूत, सह्या शाबूत, आत फिकट, खडे असलेली, चुनखडीची माती.

मी नगररचना कार्यालयात स्टेनो आहे. ऑफिसात मला सगळे ताई म्हणतात. त्या सोमवारी सकाळी मी टेबलाच्या टोकाला बसले होते. व्हरांड्यातल्या कुंड्यांत सदाफुली फुलली होती, खिडकीतून ऊन येत होतं आणि टेबलावर एका गावाचा निकाल लागत होता.

आमच्या शहराचा नवा आराखडा तयार झाला होता. शहर पुढची पंचवीस वर्षं कुठे वाढणार आणि कुठे थांबणार हे त्यात ठरतं. पूर्वेला नदीच्या वळणात कांदा, कोबी, भोपळ्याची शेतं आहेत. पश्चिमेलाही शेतं आहेत, पण वाद पूर्वेचा होता. नियम साधा होता : माती पहिल्या प्रतीची असेल तर तिथे बांधकाम नाही, जमीन शेतीलाच राहील. साहेबांनी, म्हणजे आमच्या नगररचनाकारांनी, अहवालात ती पहिल्या प्रतीची म्हणून नोंदवली होती. बांधकाम कंपनीने हरकत घेतली. म्हणून दोन महिन्यांपूर्वी सगळ्यांसमक्ष बारा खड्डे खणले, प्रत्येकातली पाच-पाच किलो माती कापडी पिशव्यांत भरली आणि तोंडाला लाख लावली. चिठ्ठ्यांवर शेतकऱ्यांच्या सह्या झाल्या. पिशव्या आमच्या दप्तरखान्यातल्या लोखंडी कपाटात गेल्या. कपाटाला दोन कुलपं. एकाची किल्ली साहेबांकडे, दुसऱ्याची मोठ्या वहिनींकडे.

वहिनी पूर्वेच्या शेतकऱ्यांच्या प्रतिनिधी. साठीच्या आसपास, आवाज खणखणीत. त्यांनी पिशवीत हात घातला, माती मुठीत घेतली आणि म्हणाल्या, "ही आमची नाही."

वकिलांनी शांतपणे विचारलं की सील तुटलंय का, सही खोटी आहे का, तुमची किल्ली कुणाला दिली होती का. तिन्हीचं उत्तर नाही होतं. वहिनींनी पुन्हा खड्डे खणायची मागणी केली. पुरावा द्यायची मुदत संपली आहे, असं वकील म्हणाले. पिशव्यांत फेरफार झाल्याचं सिद्ध करा, मग खणा.

साहेब नकाशासमोर उभे होते. वकिलांनी त्यांना नवी हद्द कुठून जाईल ते दाखवायला सांगितलं. साहेबांनी खिशातून टोकदार पेन्सिल काढली, नेहमीसारखे आधी बारीक ठिपके दिले आणि मग ते जोडणारी रेघ मारली. त्यांचा चेहरा उतरला होता. स्वतःचाच अहवाल खोटा पडला होता त्यांचा. "माझ्याकडून प्रत ठरवण्यात चूक झाली असावी," ते म्हणाले.

सुनावणी शुक्रवारी होती. हातात चार दिवस.

जाताना वहिनी माझ्याजवळ थांबल्या. "ताई, लिहून ठेवा," त्या म्हणाल्या. "उद्या मी बाईंना घेऊन येणार."

कोणत्या बाई हे विचारायची गरज नव्हती. साहेबांच्या हातातली पेन्सिल थांबलेली मी पाहिली.

२

बाईंनी पस्तीस वर्षं मातीचं सर्वेक्षण केलं होतं. आता निवृत्त. सगळे त्यांना मातीवाल्या बाई म्हणायचे. आमचे साहेब त्यांचेच विद्यार्थी. मंगळवारी त्या आल्या तेव्हा साहेबांनी उठून खुर्ची दिली आणि काय हवं ते बघा म्हणाले. नाही म्हणायला त्यांना जागाही नव्हती. वकिलांनी एक माणूस पाठवला होता, तो दारात उभा राहिला. मला नोंद ठेवायला बसवलं.

बाई बुटक्या, जाड चष्म्याच्या. आधी त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली आणि बारा पिशव्यांतली एकेक ओंजळ ओळीने मांडली. मग तासभर एकेक ओंजळ तपासत राहिल्या. चिमटीत घेऊन चोळायच्या, पाणी टाकायच्या, वास घ्यायच्या. मी कंटाळून नखं बघायला लागले होते.

"ताई, तुम्ही बघा," त्या एकदम म्हणाल्या. "काही फरक दिसतोय बारांत?"

मला दिसत नव्हता. मी तसं सांगितलं.

"मलाही नाही." त्या चष्मा पुसायला लागल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. हे बारा खड्डे दोन मैलांच्या पट्ट्यात होते. काही नदीकाठी, काही चढावर. जमीन चांगली असो की वाईट, दोन मैलांत ती बदलतेच. एकाच शेतात दोन खड्डे खणले तरी फरक येतो. आणि इथे बारा पिशव्यांत खड्यांचा आकार तोच, चुन्याचं प्रमाण तेच, रंग तोच. ही माती बारा ठिकाणची नाहीच. एका जागेवरून, एकाच ढिगातून उचलली आहे.

दारातला माणूस म्हणाला की हा अंदाज झाला. सील शाबूत आहे, ते कसं?

बाईंनी एक पिशवी उचलली. लाखेचा गोळा नीट पाहिला, तो खरंच अस्सल होता. मग त्यांनी पिशवी उलटी केली आणि तिचा तळ उजेडात धरला.

"सगळे तोंडाकडेच बघत बसले," त्या म्हणाल्या. "ही खालून उसवलीय."

३

तळाची शिवण हाताने घातलेली होती. जुन्या मशीनच्या टाक्यांची भोकं बाजूला तशीच दिसत होती. बाराही पिशव्यांची तीच गत.

ऑफिसात ही बातमी पसरली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांनी चोर ठरवूनही टाकला. आमचे दप्तरी, ज्यांना सगळे मामा म्हणतात, दप्तरखान्यात बसून जुनी रजिस्टरं शिवायचे. सुई-दोरा कायम त्यांच्या हातात. शिवाय वर्षभराने निवृत्त होणार आणि घराच्या शोधात. मामा सकाळपासून कुणाशी बोलले नव्हते. बाईंनी त्यांना बोलावून समोर बसवलं.

बाईंनी त्यांना चोरीबद्दल काही विचारलंच नाही. एक फाटकी पिशवी पुढे केली आणि एवढी शिवून द्या म्हणाल्या. मामांनी दोऱ्याला मेण लावलं, दोन बोटांत कापड धरलं आणि गप्पा मारता मारता दोन मिनिटांत तळ शिवून दिला. दुहेरी टाका, घट्ट, खाली न बघता घातलेला.

नंतर आले भाऊजी. मोठ्या वहिनींचे धाकटे दीर, पण वहिनींमुळे सगळं गावच त्यांना भाऊजी म्हणतं. त्यांना जमीन विकायची होती आणि हे त्यांनी कधी लपवलं नव्हतं. पाठ गेली, मुलगी परदेशी गेली, आता चिखल तुडवायचा कंटाळा आला, असं ते चारचौघांत बोलायचे. वहिनी आणि ते एकाच बांधावर राहतात आणि या विषयावरून वर्षभर एकमेकांशी धड बोलत नाहीत.

"मी विकायला तयार आहे, हे सांगायला मला लाज नाही," ते बाईंना म्हणाले. "पण आमची माती वाईट आहे असं मी कोर्टातसुद्धा म्हणणार नाही. माझ्या बापाने कमावलेली माती आहे ती."

बाईंनी त्यांनाही एक फाटकी पिशवी दिली. भाऊजींनी दाभण मागवलं आणि धान्याचं पोतं शिवावं तसे सहा लांब, तिरके टाके घातले.

ते गेल्यावर बाईंनी मलाही पिशवी दिली. मी हसले, पण शिवली. घरी शिवते तशी बारीक उलटी टीप.

मग त्यांनी चौघांची शिवण शेजारी शेजारी मांडली. मामांची, भाऊजींची, माझी आणि चोराची. चोराची शिवण विचित्र होती. दोरा सैल, गाठी अडाणी, कधी हातात सुई न धरलेल्या माणसाच्या. पण टाके मात्र एकसारखे. अगदी एकसारखे. बाईंनी पट्टी लावली. प्रत्येक टाका पाच मिलिमीटरचा, केसाचाही फरक नाही.

"शिवता येत नाही, पण मोजता येतं," बाई पुटपुटल्या. त्यांनी भिंग काढलं, कापडावर धरलं आणि ते माझ्याकडे दिलं.

प्रत्येक टाक्याच्या शेजारी पेन्सिलीचा एक ठिपका होता.

मी भिंग खाली ठेवलं. माझ्या ओळखीत रेघ मारायच्या आधी ठिपके देणारा एकच माणूस होता. मी वही ओढली आणि फक्त टाक्यांची लांबी लिहिली.

४

बुधवारी बाई कपाटाच्या मागे लागल्या. दोन कुलपं, दोन किल्ल्या, दोघेही एकमेकांशिवाय उघडू शकत नाहीत. मग पिशव्या बाहेर आल्या कशा?

पिशवीचा तळ सापडल्यावर हे अवघड नव्हतं. त्यांनी शिपायांकडून कपाट भिंतीपासून ओढवलं. मागचा पत्रा आठ स्क्रूंवर बसवलेला होता. स्क्रू गंजलेले, पण आठही खाचांत गंज खरवडला जाऊन आतलं लोखंड चमकत होतं. पत्रा काढायचा, पिशव्या घ्यायच्या, परत ठेवायच्या, पत्रा लावायचा. कुलपांना हात लावायची गरजच नाही.

पण कपाट कायम भिंतीला चिकटलेलं असायचं. भरलेलं कपाट एकट्या माणसाला हलणार नाही. ते कधी हललं होतं?

हे मलाच आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी दप्तरखान्याला रंग दिला. शुक्रवारी संध्याकाळी कपाट मागच्या व्हरांड्यात काढून ठेवलं होतं आणि सोमवारी सकाळी परत आत आणलं.

बाई मागच्या व्हरांड्यात गेल्या. तिथे पाण्याची नवी टाकी बांधली आहे. टाकीसाठी खड्डा खणला होता तेव्हा निघालेल्या मातीचा ढीग व्हरांड्याला लागून पडला होता. तो नेमका त्या सोमवारी दुपारी ट्रकने नेला. बाईंनी टाकीच्या भिंतीमागे वाकून कोपऱ्यात राहिलेली मूठभर माती काढली. फिकट, खडेदार, चुनखडीची. पिशवीतली शेजारी ठेवली. याही वेळी मला फरक दिसत नव्हता.

म्हणजे कंपनीने ट्रक भरून माती आणली नव्हती की काही नाही. ज्याने कुणी केलं त्याने दोन पावलांवरचा ढीग वापरला होता. शनिवारी दिवसभर रंगारी होते. राहिला रविवार. आणि बारा पिशव्या उसवून शिवायच्या म्हणजे बसून करायचं काम.

गेटवरची वही मागवली. आमच्याकडे वहीत येण्याची वेळ लिहितात, जाण्याची कुणी लिहीत नाही. त्या रविवारी चार नावं होती. साहेब. उन्हात ठेवलेली रजिस्टरं उलटायला आलेले मामा. जमीन विकायला संमती असल्याचं पत्र द्यायला आलेले भाऊजी.

बाईंनी चौथ्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. चौथं नाव माझं होतं.

५

बाईंनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, वही मिटा. आता लिहू नका, सांगा."

मी सांगितलं. पूर्वेला जी वसाहत होणार त्यात एका घरासाठी माझ्या नवऱ्याने नाव नोंदवलं आहे. आम्ही सहाजण दोन खोल्यांत राहतो. सासूबाई स्वयंपाकघरात झोपतात. शहरात घरं नाहीत हे खोटं नाही. त्या शेतांवर इमारती उठाव्यात असं मलाही कधी कधी वाटलं आहे, आणि त्याची मला अर्धीच लाज वाटते.

बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, स्टेशनच्या मागे बंद पडलेल्या गिरण्यांची जागा पंधरा वर्षं रिकामी आहे, तिथे घरं का होत नाहीत ते आराखड्यात शोधा. घरांच्या टंचाईच्या आकड्यापेक्षा ते जास्त बोलकं आहे. मग पुन्हा गप्प बसल्या.

त्या गप्प बसण्याने मला बोलायला लावलं. मी त्या रविवारी टायपिंग संपवायला आले होते. दुपारी पाणी प्यायला मागे गेले तर साहेब व्हरांड्यात बसलेले. बाह्या वर, हात कोपरापर्यंत मातीत. कुंड्या भरत होते. रोपं दरवर्षी मरतात, म्हटलं जरा माती बदलावी, असं म्हणाले. मला बरं वाटलं होतं. एवढा मोठा अधिकारी सुट्टीच्या दिवशी कुंड्या भरतो. मंगळवारी ठिपके पाहिले तेव्हाच मला सगळं कळलं होतं आणि मी एक दिवस गिळून बसले होते. साहेबांनी कधी आवाज चढवून बोललेलं मला आठवत नाही. माझ्या मुलीच्या आजारपणात त्यांनी मला महिनाभर लवकर घरी सोडलं होतं.

आम्ही व्हरांड्यात गेलो. अकरा मोठ्या कुंड्या. पूर्वी त्यांत काही जगत नसे. मामा म्हणायचे, ह्या कुंड्या नाहीत, रोपांची स्मशानं आहेत. आता सदाफुलीला पानांपेक्षा फुलं जास्त होती.

बाईंनी काळी माती चिमटीत घेतली, थुंकी लावून मळली आणि तिची शेवेसारखी वळी केली. वळी बोटाभोवती गुंडाळली. तुटली नाही.

"कुठलाही चोर ही गटारात ओतून मोकळा झाला असता," त्या हळूच म्हणाल्या. "याला फेकवली नाही. मीच शिकवलं होतं तसं."

मी दुसरीकडे बघितलं आणि तेव्हा मला ते दिसलं. तिसऱ्या कुंडीत, सदाफुलीच्या बुडाशी, दोन कोवळी हिरवी रोपं उगवली होती. वहिनींना बोलावून दाखवली. त्यांनी वाकून एक पान चुरगळलं आणि वास घेतला.

"मोहरी," त्या म्हणाल्या. "खड्डे खणले त्याच्या आधी माझ्या वावरात मोहरी होती. सरकारी कुंडीत मोहरी कोण पेरतं?"

६

गुरुवारी दुपारी आम्ही तिघी साहेबांच्या खोलीत गेलो. बाईंनी पिशवी टेबलावर उलटी ठेवली, तिच्यावर भिंग ठेवलं आणि शेजारी मोहरीचं रोप. आरोप असा केलाच नाही. क्रमाने सांगत गेल्या. बारा पिशव्यांत एकच माती, म्हणजे बदललेली. ती टाकीच्या ढिगातली, म्हणजे रविवारी बदललेली. त्या दिवशी आलेले चौघे. तिघांची शिवण माझ्याकडे आहे आणि तिघांपैकी कुणालाही ठिपके द्यावे लागत नाहीत, कारण तिघांनाही शिवता येतं.

"चौथ्याची शिवण मी मागितली नाही," त्या म्हणाल्या. "मागू का?"

साहेबांनी रोप उचलून पाहिलं. नाकारलं नाही. दार लागलंय का ते पाहिलं आणि बोलायला लागले.

वरून निरोप आला होता. पूर्वेची शेतं धरून बसलात तर सगळाच आराखडा परत पाठवू, मग पश्चिमही जाईल. पूर्व सोडा, पश्चिमेला कुणी हात लावणार नाही. नुसतं सोडता येत नव्हतं, कारण अहवाल त्यांचाच आणि नियमही. मातीच वाईट निघाली तर मात्र कुणाला काही बोलता येणार नव्हतं. त्यांनी स्वतःसाठी काही घेतलं नव्हतं, उलट स्वतःची अब्रू घातली होती. अर्धं वाचवण्यासाठी अर्धं दिलं, असं ते म्हणाले. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

"तुझ्या जागी मी होते," बाई म्हणाल्या. "तीनदा. म्हणून तर माझी कधी बढती झाली नाही."

वहिनी इतका वेळ उभ्याच होत्या. त्या पुढे आल्या.

"साहेब, तुम्ही अर्धं दिलंत ते कुणाचं होतं? आम्हाला विचारलं असतंत तर आम्ही नाही म्हटलं असतं. म्हणूनच विचारलं नाहीत."

बाईंनी त्यांना दोन वाटा दिल्या. उद्या सुनावणीत तू सांग, नाहीतर मी सांगेन. साहेब म्हणाले की मोहरीचं रोप आणि पेन्सिलीचे ठिपके यांच्यावर सुनावणी घेणारे अधिकारी विश्वास ठेवणार नाहीत. ते वरचेच आहेत. मी गप्प राहिलो तर तुमचं म्हणणं टिकणार नाही.

"खरं आहे," बाई म्हणाल्या आणि उठल्या. "म्हणून तर तुला विचारतेय."

आम्ही बाहेर पडलो तेव्हा साहेब खिडकीकडे पाठ करून बसले होते.

७

शुक्रवारी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. पूर्वेची माणसं शेतातून तशीच आली होती. पुढच्या रांगेत वकील आणि कंपनीचे लोक. भाऊजी त्यांच्या शेजारी बसले होते. मी अधिकाऱ्यांच्या उजव्या हाताला, वही उघडून.

बाईंनी अर्धा तास बोलून सगळं मांडलं. वकिलांनी दहा मिनिटांत ते उडवून लावलं. ठिपके कुणीही देईल, रविवारी कुणीही येईल आणि कुंडीतलं रोप हा काही पुरावा नव्हे. अधिकारी मान हलवत होते. निकाल त्यांच्या चेहऱ्यावर मला वाचता येत होता.

मग साहेब उठले.

"पिशव्या मी बदलल्या," ते म्हणाले. "कपाटाचा मागचा पत्रा काढून. कुणाच्या सांगण्यावरून, तेही सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. नाव, हुद्दा, तारीख, फोनवरचे शब्द. मी लिहीत होते. अधिकारी माझ्याकडे झुकले आणि हळू आवाजात म्हणाले, "हे लिहू नका. भावनेच्या भरात बोलतायत."

माझा हात थांबला. मला वीस वर्षांची नोकरी आठवली, दोन खोल्या आठवल्या. मग मी पुढची ओळ लिहिली : अधिकाऱ्यांनी हे न लिहिण्याची सूचना केली. आणि साहेबांचं बोलणं पुढे लिहीत राहिले, एक शब्द न गाळता.

अधिकाऱ्यांनी ते पाहिलं. त्यांनी घसा साफ केला आणि सूर बदलला. झालं ते वाईट झालं, पण टोकाला कशाला जायचं, असं म्हणाले. पूर्वेचा अर्धा पट्टा बांधकामाला, अर्धा शेतीला. दोन्ही बाजूंचं समाधान.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "फेरफार झालाय हे सिद्ध झालं. नियम आहे, पुन्हा खणा. आज खणा. माझ्या शेतात कांदा उभा आहे, तो उपटून खणा. तिथे खडक लागला तर सगळी जमीन द्या त्यांना. नाही लागला तर एक वाफाही मिळणार नाही."

वकील उभे राहून म्हणाले की सगळ्या शेतकऱ्यांचं हे मत नाही, आणि त्यांनी शेजारी बसलेल्या भाऊजींकडे हात केला. भाऊजी हळूहळू उठले. पाठीला हात लावून क्षणभर तसेच थांबले.

"मला विकायचंय," ते म्हणाले. "पण चोरीच्या कागदावर नाही. आधी माझ्याकडे खणा. माझं शेत जवळ आहे."

तीनशे माणसं पायी निघाली. अधिकाऱ्यांना गाडीत बसून पुढे जाता येईना, तेही चालत आले. भाऊजींनी स्वतः फावडं घेतलं. वहिनींनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, तुमची पाठ, म्हणाल्या, आणि स्वतः खणायला लागल्या. वर्षभरात त्यांनी भाऊजींशी बोललेलं ते पहिलं धड वाक्य होतं. कमरेइतका खड्डा झाला तरी माती काळीच होती. बाईंनी अधिकाऱ्यांना खाली उतरायला सांगितलं. ते बूट सांभाळत उतरले, स्वतःच्या हाताने माती उचलली आणि पहिल्या प्रतीची असं मला तिथेच लिहून घ्यायला सांगितलं.

दोन महिन्यांनी आराखडा मंजूर झाला. पूर्व शेतीला राहिली. पश्चिमही राहिली, कारण साहेबांनी घेतलेलं ते नाव आता कागदावर होतं आणि त्या कागदाच्या प्रती गावभर झाल्या होत्या. साहेबांची चौकशी सुरू आहे. बाई दर आठवड्याला त्यांना भेटायला जातात, काय बोलतात ते मला माहीत नाही. मला सूचना न पाळल्याबद्दल नोटीस आली. दुसऱ्या तालुक्यात बदली करू असं त्यात म्हटलं होतं. बदली अजून झालेली नाही.

कंपनीने आराखड्याविरुद्ध अपील केलं आहे. त्यावर लोकांनी म्हणणं द्यायची मुदत काल संपत होती आणि अर्ज घ्यायला खिडकीवर मला बसवलं होतं. सकाळी नऊला वहिनी आल्या, त्यांच्या मागे भाऊजी. नंतर पश्चिमेचे शेतकरी. मग शहरातले लोक यायला लागले, भाजीवाल्या, शिक्षक, रिक्षावाले, मामांची बायको. प्रत्येक अर्जावर शिक्का मारायचा, तारीख घालायची, पोच द्यायची. दुपारी माझ्या हाताला रग लागली.

साडेचारला वरून फोन आला. किती अर्ज आले असतील, साधारण आकडा द्या, म्हणजे आजच फाईल बंद करता येईल.

मी खिडकीतून मान बाहेर काढली. रांग जिन्यावरून उतरून गेटबाहेर गेली होती आणि शेवट दिसत नव्हता.

"आकडा देता येणार नाही," मी म्हटलं. "अजून येतायत." फोन ठेवला आणि पुढच्या बाईंचा अर्ज हातात घेतला.